आधी बूट, शेवटी रॅकेट

बेळगावात पावसाळा लागला की फिरायला जाणाऱ्यांची पंचाईत होते. जूनमध्ये आंबोलीकडून एकदा ढग आले की गणपतीपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत, आणि डॉक्टर मात्र सांगून मोकळे झालेले असतात, रोज पाऊण तास तरी घाम आला पाहिजे. शहापुरातल्या आम्ही चौघीजणींनी त्यावर बॅडमिंटनचा तोडगा काढला. टिळकवाडीत एका हॉलमध्ये सकाळी सहाला बायकांची बॅच भरते. वर पत्रा, खाली मॅट, शिकवायला सर. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, वय चाळिशीच्या पलीकडे, शाळा सुटल्यापासून हातात कुठलीच रॅकेट धरलेली नाही.

नाव घातलं आणि घरात जो तो रॅकेटबद्दलच बोलायला लागला. बंगळूरला नोकरीला असलेल्या भाच्यानं रात्री अकरापर्यंत फोटो पाठवले. "मावशी, ही घे. ॲस्ट्रॉक्स. स्मॅश कसला बसतोय बघ हिनं." किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला. तेवढ्या हप्त्याची आमच्याकडे चांगली आरडी सुरू होते. नवऱ्याचं म्हणणं, सुपरमार्केटात दोन रॅकेट आणि तीन फुलं, म्हणजे शटल, असा सेट साडेचारशेला मिळतोय, तो आण, चार दिवसांनी माळ्यावरच जाणार आहे. दोघांचंही ऐकायचं नाही एवढं ठरवलं आणि सरांना विचारायला गेले.

सर हुक्केरीकडचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही. मी विचारलं, "सर, रॅकेट कुठली घेऊ?" ते माझ्या पायाकडे बघत होते.

"रॅकेटचं नंतर बघूया की, अक्का. हॉलच्या आहेत, त्यानं खेळा. आधी हे बूट बदला."

माझ्या पायात चालायचे बूट होते, चांगले जाड फोमचे, टाचेला दोन बोटं उंच. सरांनी त्यातला एक टेबलावर ठेवला आणि वरच्या बाजूला बोटानं आडवं ढकललं. बूट लगेच कलंडला. मग स्वतःचा ठेवला. तळ सपाट, रुंद, जमिनीला लागून. ढकलला तर जागचा सरकला, पण कलंडला नाही. चालताना किंवा पळताना पाय पुढेच पडतो, म्हणून त्या बुटांत टाचेखाली गादी असते. बॅडमिंटनमध्ये पाय निम्म्या वेळा बाजूला पडतो, आणि तोही झेप घेऊन. तेव्हा टाच उंच असेल तर घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळतो. चाळिशीतल्या बाईचा घोटा एकदा मुरगळला की दोन महिने घरात बसणं आलं, आणि घरात बसणं म्हणजे काय हे मी सांगायला नको.

बूट घ्यायला खडेबाजारात गेले. खेळाच्या सामानाच्या दुकानात बाईमाणूस एकटी आली की दुकानदाराला वाटतं मुलासाठी क्रिकेटची बॅट पाहिजे असणार. मी 'नॉन-मार्किंग बूट, माझ्यासाठी' म्हटल्यावर तो जरा थांबला आणि मग मनापासून दाखवायला लागला. नॉन-मार्किंग म्हणजे जमिनीवर काळे ओरखडे न उठवणारा तळ. बहुतेक वेळा तो मधासारख्या रंगाच्या रबराचा असतो, त्याला गम सोल म्हणतात. पण रंगावर जाऊ नये. दुकानातल्या पांढऱ्या फरशीवर बूट दाबून घासला की काय ते कळतं. पहिल्या जोडानं फरशीवर रेघ ओढली. दुकानदारानं ती पायानंच पुसली आणि जोड परत खोक्यात घातला, न बोलता.

मापाची अडचण वेगळीच. बायकांच्या मापाचे, चार-पाच नंबरचे बॅडमिंटनचे बूट आपल्याकडे दुकानात फार ठेवत नाहीत. लहान मुलांचे असतात, पण त्यांची रुंदी कमी पडते आणि करंगळी आवळते. मी संध्याकाळी गेले होते ते मुद्दाम, कारण दिवसभर बसून-उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि खेळतानाही ते तेवढेच फुगतात. सोबत खेळायचे जाड सुती मोजे नेले. बूट घालून, नाडी बांधून, पुढं अंगठ्याच्या नखापलीकडं अर्ध्या बोटाची जागा राहते का बघितलं, मग दुकानातच बाजूला चार पावलं टाकली. दुकानातली दोन पोरं हसली. हसू देत. टाच आत उचलली जात नाही ना, हे असं बघितल्याशिवाय कळत नाही. शेवटी ज्या जोडावर बोट ठेवलं तो सतराशेला पडला. एवढ्या खरेदीत मला सगळ्यात कमी वाईट वाटलं ते या पैशांचं.

एक नियम सरांनी घातलेला, तो आता माझाही झाला आहे: हे बूट घालून रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडची तांबडी माती तळाच्या नक्षीत बसली की मॅटवर पाय घसरतो आणि मॅटही खराब होते. स्कूटीवर चप्पल, बूट पिशवीत, हॉलच्या पायरीवर बसून बदलायचे. आत शिरायच्या आधी ओल्या फडक्यावर तळ दाबले की पकड वाढते.

बूट आले, आता हॉलच्या रॅकेट. दाराजवळ एका प्लास्टिकच्या बादलीत दहा-बारा उभ्या केलेल्या असतात, कुणी सोडून गेलेल्या, कुणी दान दिलेल्या. या बादलीचे माझ्यावर उपकार आहेत. रोज वेगळी उचलायची आणि घरी येऊन जुन्या डायरीत लिहायचं, असा माझा क्रम. नोकरीची सवय, आकडे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

रॅकेटच्या दांड्याजवळ किंवा मुठीच्या वर, जिथं शंकूसारखा निमुळता कोन असतो तिथं, बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं असतं. त्यातलं '३यू', '४यू' हे वजन. आकडा वाढला की रॅकेट हलकी. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. पाच ग्रॅमनी काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पाऊण तास डोक्यावरून हात फिरवल्यावर खांद्याला कळतं काय होतंय ते. माझ्या डायरीत ३यूपुढे दोनदा 'खांदा' असं लिहिलेलं आहे, ४यूपुढे काहीच नाही. ५यू हाताला छान वाटली, पण शटल मागच्या रेघेपर्यंत जायला जास्त जोर लावावा लागला. म्हणजे हलकी ती चांगली असंही सरसकट नाही.

मधे एकदा माहेरी अनगोळला गेले तेव्हा माळ्यावरून शाळेतली रॅकेट काढली. आम्ही शाळेत खेळायचो ते बॉल बॅडमिंटन, लोकरीच्या पिवळ्या चेंडूचं, मैदानावर, पाच-पाचजणींचं. कर्नाटकातल्या शाळांत हा खेळ अजूनही आहे. ती रॅकेट हातात घेतली तर लाटणं धरल्यासारखं वाटलं. शटलच्या रॅकेटच्या जवळजवळ दुप्पट वजन. आईला वाटत होतं, 'असलेली वापर की, नवीन कशाला?' पण त्या रॅकेटनं शटल मारणं म्हणजे मनगटाशी वैर. परत माळ्यावर ठेवली.

वजनाइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे ते वजन कुठं आहे. एका बोटावर रॅकेट आडवी तोलून बघायची. साधारण पावणेसातशे मिलिमीटरची रॅकेट मुठीच्या टोकापासून २९ सेंटीमीटरच्या आसपास तोलली गेली तर ती समतोल. त्याहून पुढे, जाळीच्या बाजूला तोल गेला तर हेड-हेवी, मागं आला तर हेड-लाइट. भाच्याची ॲस्ट्रॉक्स ही हेड-हेवी जातीची. पुढचं वजन स्मॅशला जोर देतं हे खरं, पण हात वेळेवर आला तर. आमचा हात शटल खाली पडल्यावर येतो. भारताचा बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून विक्रम केला. त्याची रॅकेट काय आणि आपली काय. माझी गरज एवढीच, की कोर्टाच्या मधल्या जाळीजवळ आलेलं शटल अंगावर यायच्या आत रॅकेट समोर आली पाहिजे. म्हणजे समतोल किंवा जरा हेड-लाइट.

तिसरी गोष्ट दांडा, म्हणजे शाफ्ट. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात जाळीचं टोक धरून हलकेच वाकवायचं. लवचीक दांडा वाकतो, कडक वाकत नाही. लवचीक दांडा मागं जाऊन पुढं येताना स्वतःचा थोडा जोर देतो, म्हणून हात हळू फिरणाऱ्याला तो बरा. कडक दांडा ज्यांचा हात झपकन फिरतो त्यांच्यासाठी. आपण वापरला तर कोपर दुखतो आणि शटल अर्ध्यातच पडतं. दुकानात मात्र 'स्टिफ आहे, प्रोफेशनल आहे' हे कौतुकानं सांगतात.

बादलीतल्या काही रॅकेटना जाळी आणि दांडा जिथं जुळतात तिथं टी आकाराचा वेगळा तुकडा दिसतो. त्या बहुधा अॅल्युमिनियमची कड आणि लोखंडी दांडा अशा. जड असतात, आणि जोरात लागलं तर त्या जोडावर पिळ बसतो. साडेचारशेच्या सेटमध्ये याच असतात. अंगणात पोरांना खेळायला ठीक. ग्राफाइटची रॅकेट एकसंध दिसते, हलकी असते. पण दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर आपटली की जाते, हेही बघून ठेवलं आहे. आमच्या बॅचमध्ये दोघींनी एकच शटल 'माझं, माझं' करत उचललं आणि एकीच्या नव्या रॅकेटला केसाएवढी चीर गेली. दुसऱ्या आठवड्यात गटिंग, म्हणजे जाळीचा धागा, ताणताना ती तिथंच मोडली.

सात वाजता आमची बॅच संपते आणि म्हाताऱ्यांची सुरू होते. त्यांतले एक काका कॅम्पातले, लष्करातून निवृत्त. सत्तरी पार, पण ड्रॉप, म्हणजे मधल्या जाळीलगत हळूच सोडलेलं शटल, असा टाकतात की आमच्यातली एकही पोचत नाही. त्यांची पहिली रॅकेट लाकडी. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची, असं सांगतात. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांचं नाव घेताना त्यांचा हात कानाकडे जातो. नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, आणि १९६१ चा अर्जुन पुरस्कार. "लाकडी रॅकेटनं, बाई, लाकडी!" हे काकांचं पालुपद. माझ्या हातातल्या ग्राफाइटच्या रॅकेटकडं बघून म्हणतात म्हणून जरा लागतं, पण मुद्दा बरोबर आहे.

आता शटल. इथं आमच्या चौघींत खरी भांडणं झाली. कुणाला फेदरच पाहिजे, टीव्हीवर दाखवतात तसं. फेदरच्या शटलला १६ पिसं असतात, बदकाची किंवा हंसाची, आणि एका शटलमधली सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखातली, म्हणजे ती एकाच दिशेनं वळतात. वजन नियमानं ४.७४ ते ५.५० ग्रॅम. ते उडतं फार सुंदर, वर गेल्यावर उलटून सरळ खाली येतं. पण नवशिक्यांचा फटका जाळीच्या मधे कमी आणि कडेवर जास्त बसतो. कडेवर बसला की एक पीस मोडतं, एक मोडलं की शटल डुलायला लागतं, आणि पंधरा मिनिटांत आणखी एक काढायला लागतं. महिन्याचा हिशेब मी काढून दाखवला तेव्हा फेदरवाल्या गप्प झाल्या.

नायलॉनचं घेतलं. नायलॉनच्या शटलला बुचाभोवती रंगीत पट्टी असते, तिच्याकडं दुकानात कुणी बघत नाही. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल जलद. शटल किती लांब जाणार हे हवेवर असतं. हवा विरळ असेल किंवा गरम असेल तर ते जास्त पळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. कारवारला जे शटल रेघेच्या आत पडेल ते इथं थोडं पुढं जाणार, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली आणखी पुढं. म्हणून उन्हाळ्यात हिरवी, पावसाळ्यात आणि थंडीत निळी, असं आम्ही धरलं आहे. लाल पट्टीचं एकदा कुणीतरी आणलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. सगळे क्लिअर, म्हणजे उंच आणि लांब मारलेले फटके, मागच्या भिंतीवर.

फेदरच्या डब्यावर रंगाऐवजी आकडे असतात, ७६, ७७, ७८ असे. आकडा मोठा तितकं शटल जलद. काकांच्या बॅचला उन्हाळ्यात ७६ लागतं, एरवी ७७. ते शटल तपासतात ते बघण्यासारखं असतं. मागच्या रेघेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीनं समोर मारायचं. पलीकडच्या मागच्या रेघेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. पट्टी लागत नाही, कारण दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेघ ७६ सेंटीमीटर आत असते. तिच्या आसपास, वीतभर इकडं-तिकडं पडलं की झालं. मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात पिसं कडकड मोडतात म्हणून काका आदल्या रात्री डबा उघडून चहाच्या किटलीच्या वाफेवर दोन-चार सेकंद धरतात. पावसाळ्यात ते काम बेळगावची हवा फुकटात करते.

आणि अंगणातल्या खेळाबद्दल एवढंच, की कॉलनीतल्या मोकळ्या कोर्टावर वारा असताना कुठलंही शटल घ्या, सगळी सारखीच.

इतकं झाल्यावर रॅकेट घ्यायला गेले तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं, फक्त मागायचं होतं. दुकान दुसरं, मारुती गल्लीच्या बाजूला. मागणी सांगितली: ग्राफाइट, ४यू, समतोल, दांडा लवचीक, मूठ जी५.

मालकानं चष्म्यावरून बघितलं. "कुणासाठी, अक्का?"

"माझ्यासाठी."

"किती वर्षं खेळायलाय?"

"नव्यानंच."

"मग एवढं कशाला बघायलाय? ही घ्या की, लई चालते." त्यांनी काळी-लाल एक पुढं केली. हातात घेतल्याबरोबर टोक खाली गेलं. बोटावर तोलून दाखवली, कोनावर छापलेलं ३यू दाखवलं. त्यांनी मुकाट्यानं परत टांगली आणि आतून तीन काढून आणल्या. त्यानंतर मात्र आमचं चांगलं जमलं. चहा आला.

मुठीचं सांगते. जी४, जी५ हे जाडीचे आकडे, आणि इथंही आकडा मोठा तशी मूठ बारीक. काही कंपन्या वेगळ्या पद्धतीनं लिहितात, म्हणून हातात धरूनच बघावं. रॅकेट हात मिळवल्यासारखी धरायची. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांत एक बोट मावेल एवढी फट राहिली तर माप बरोबर. फट नसेल तर मूठ बारीक, हात आवळून धरतो आणि मनगट दुखतं. जाड असेल तर मनगट फिरतच नाही. दोन्हींपैकी बारीक घेतलेली बरी, कारण वर ओव्हरग्रिप गुंडाळून जाड करता येते. जाड मूठ तासून बारीक कोण करणार.

तिन्हींतून निळी निवडली, अठराशेला. नावाजलेल्या कंपनीचीच, कारण बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आणि नावाजलेल्याचाच जास्त. कोनावर कोरलेला नंबर नीट वाचता येतो का, अक्षरं पुसट किंवा वाकडी नाहीत ना, बिल मिळतंय ना, एवढं बघितलं. नेटवर दोनशे रुपये कमी दिसत होते. पण नेटवर रॅकेट बोटावर तोलता येत नाही.

मालक म्हणाले, "गटिंग कंपनीचंच आहे, लगेच खेळा." कंपनीतून घालून आलेलं गट बऱ्याचदा ढिलं आणि साधं असतं, महिनाभर त्यानं खेळले आणि मग सरांनी कॅम्पाच्या बाजूच्या एका मुलाकडं पाठवलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. तिथं जे बघितलं ते सांगण्यासारखं आहे, कारण रॅकेट घेणारे दहाजण असले तर गटिंग होताना बघितलेला एखादाच असतो.

त्यानं आधी जुनं गट कापलं, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, उभे-आडवे सगळे धागे. एक तुटला की बाकीचे तसेच ठेवायचे नाहीत, लगेच कापायचे. नाहीतर ताण एका बाजूला राहून चौकट वाकडी होते. मग चौकट मशीनच्या पकडींत सहा ठिकाणी आवळली. सगळ्या छिद्रांवरून बोट फिरवलं. छिद्रांत प्लास्टिकची बारीक नळकांडी असतात, त्यांतली दोन चिरली होती, ती चिमट्यानं बदलली. चिरलेल्या नळकांड्यात नवीन गट आठवडाभरात तुटतं, म्हणाला. दहा मीटरची गुंडी सोडली, मधोमध दुमडली, आणि मधले दोन उभे धागे आधी. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक डावीकडं. दर धाग्याला मशीनचा दांडा खाली सोडायचा, तो आडवा स्थिर झाला की ताण पुरा, चिमटा आवळायचा, पुढचा धागा. २२ उभे झाले तेव्हा जाळी तंबोऱ्याच्या तारा लावल्यासारखी नुसती उभी. मग आडवे. एक वरून, एक खालून, एक वरून, बोटानं विणत जायचं. विणताना त्याचं दुसऱ्या हाताचं बोट धाग्याखाली पुढं पुढं सरकत होतं आणि डोळे माझ्याशी बोलण्यात होते. तर्जनीच्या टोकाला घट्टा पडलेला. मधेच थांबून प्रत्येक आडवा धागा टोच्यानं सरळ करायचा. पाऊण तास गेला. धागा आणि मजुरी मिळून पाचशे रुपये घेतले. मला महाग वाटलं नाही.

सुरू करायच्या आधी त्यानं विचारलं होतं, "किती पौंड टाकू?" पौंड म्हणजे गटाच्या ताणाचं माप. हा प्रश्न मोठा. बॅचमधल्या एकीनं मोठ्या तोऱ्यात २८ सांगितलं होतं, कारण तिच्या मुलाची तेवढी असते. गट जितकं घट्ट तितकं शटल कमी उसळतं आणि फटका मारणाऱ्याच्या हातावर भार येतो; नेमकं मधोमध लागलं तरच उपयोग. ढिल्या गटावर शटल आत दबून बाहेर फेकलं जातं आणि मधोमध नसलं तरी जातं. नवशिक्याला २० ते २३ भरपूर. चौकटीवरही मर्यादा छापलेली असते, तिच्या वर ओढलं आणि मोडली तर कुणी भरून देत नाही. मी २१ सांगितलं. मुलगा म्हणाला, "आडवे एक पौंडानं जास्त ओढतो, चौकटीचा आकार राहतो." धागा घेतला ०.७० मिलिमीटरचा, बीजी ६५ नावाचा. ०.६५ चे बारीक धागे आवाज छान करतात, पण कडेवर मारणाऱ्यांच्या हातात टिकत नाहीत, आणि आवाज ऐकायला मी पतसंस्थेत असतेच.

नव्या गटानं पहिलाच क्लिअर मागच्या रेघेवर पडला. सर म्हणाले, "निधान, अक्का, निधान." म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. दुसरा कोर्टाच्या जाळीत.

ग्रिपचं शेवटचं. कंपनीची ग्रिप घामानं चिकट होते, वर ओव्हरग्रिप लावायची. मैत्रिणीनं टॉवेलची लावली होती, "मी तर टॉवेलचीच आणलो बघ, घाम पितेय." पितेय खरी, पण जुलैमध्ये वाळत नाही, पंधरवड्यात तिला कुबट वास आला आणि काळे ठिपके. आमच्या पावसात पातळ पीयूची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, ओव्हरग्रिप बरी, दीड-दोन महिन्यांनी उलगडून फेकायची. लावताना खालून सुरू करून वर न्यायची, एकावर एक थोडीच चढवायची. जास्त चढवली की मूठ जाड होते आणि आठ कोपरे बोटांना लागत नाहीत. ते आठ कोपरे लागलेच पाहिजेत, त्यावरूनच न बघता कळतं की रॅकेट सरळ धरली आहे का वाकडी. लावून झाल्यावर वरच्या टोकाला चिकटपट्टी.

रॅकेट स्कूटीच्या डिकीत ठेवत नाही. तशी ती मावतही नाही, पण अर्धी बाहेर ठेवून उन्हात नेणारे आहेत. गरमीनं गट ढिलं पडतं. ओली पिशवी घरी आल्याबरोबर उघडते, बूट पंख्याखाली, रॅकेट खुंटीला. खुंटी देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर आहे आणि सासूबाईंची त्याला अजून पूर्ण मान्यता नाही. टॉवेलवाल्या मैत्रिणीला आता स्वतःचे बूट घ्यायचे आहेत, तिचं माप साडेतीन. खडेबाजारातला म्हणाला, बुधवारी माल येतोय, फोन करून या.